शटरवाल्याची लेक

ताईंच्या टेबलावर काचेचा कप ठेवायचा नाही, असा संस्थेत नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही. चहा देणाऱ्या मावशींनी तीन कप आणि एक बशी गमावली, तेव्हापासून तो आपोआप लागू झाला. स्टीलचा पेला आपटला तर पोचा पडतो, फुटत तरी नाही. पोचे आलेले चार पेले मावशींनी फळीवर ओळीने मांडून ठेवलेत आणि नव्या माणसाला त्या ते कौतुकाने दाखवतात. "हा वीज कंपनीचा. हा मंत्र्याच्या पी.ए.चा. हा फुकट ब्लँकेटांचा. आणि हा कशाचा, ते मलाही अजून कळलं नाही बाई."

संस्थेचं काम सांगायला सोपं आहे. गावावर संकट आलं, पूर म्हणा, आग म्हणा, की दानशूर मंडळी धान्य-कपडे घेऊन धावतात. ताईंची संस्था धावते ती दुकानांकडे. बऱ्याच कंपन्यांनी मिळून ती काढली. कुणी जनरेटर देतं, कुणी फ्रिज, कुणी महिनाभरासाठी आपले मेकॅनिक. दुकान सुरू झालं की दुकानदाराचं घर चालतं, त्याच्या नोकराचं चालतं, आणि गिऱ्हाइकाला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. 'आधी शटर, मग भाषण,' हे ताईंचं पालुपद. त्यावरूनच बाजारातले लोक त्यांना शटरताई म्हणतात. लोकांना वाटतं, नाव कामामुळे पडलं. खरं म्हणजे ते जन्मापासूनच चिकटलेलं आहे.

ताईंचे वडील शटरं दुरुस्त करायचे. गल्लीतलं एक शटर असं नव्हतं ज्याला त्यांचा हात लागला नव्हता. ताई सतरा वर्षांच्या असताना नदी बाजारात शिरली. पाणी ओसरलं त्या सकाळी वडील रॉकेलचा डबा आणि उलथनं घेऊन बाहेर पडले. उलथनं कशाला, असं कुणीही विचारेल. पुराचा गाळ शटरच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत जाऊन बसतो आणि वाळला की दगड होतो. वरून शटर कितीही धुवा, खाच मोकळी झाल्याशिवाय ते तसूभर हलत नाही. स्वयंपाकघरातलं जुनं उलथनं ठोकून चपटं केलं की बरोबर त्या खाचेत बसतं. हा शोध त्यांचा स्वतःचा, आणि त्यासाठी आईचं चांगलं उलथनं गेलं म्हणून घरात आठ दिवस अबोला होता.

चार दिवसांत त्यांनी अकरा शटरं उघडली. पाचव्या दिवशी ट्रक आले.

ट्रकांत सगळं होतं. साबण, तेल, पीठ, चादरी, दात घासायच्या ब्रशांचे खोकेच्या खोके. गल्लीच्या तोंडाशी मांडव पडला आणि दोन महिने फुकट वाटप चाललं. जिथे साबण फुकट मिळतो तिथे साबणाचं दुकान कोण उघडणार? आणि दुकान उघडायचंच नसेल तर शटर कोण दुरुस्त करून घेणार? ज्यांची दुकानं, तेच रांगेत उभे. ज्यांनी शटर उघडून घेतलं होतं त्यांनी ते पुन्हा खाली ओढलं. मग एक दिवस 'गाव सावरलं' असा फलक लावून, फोटो काढून ट्रक निघून गेले. गल्ली काही पुन्हा उठली नाही. गाव उठवायला आलेल्यांनी तिला बसवून ठेवलं आणि वर हारही घालून घेतले!

वडील त्याच वर्षी एका गोदामाच्या फाटकावर रखवालदार म्हणून लागले. कंपनीने युनिफॉर्म दिला तो दोन माप मोठा. बाह्या दुमडून दुमडून ते फाटकावर उभे राहायचे आणि ताई कॉलेजला जाताना मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने जायच्या. त्या मोठ्या युनिफॉर्मचा राग त्यांच्या डोक्यात जो शिरला, तो आजतागायत उतरलेला नाही. तो उतरावा असं त्यांनाही कधी वाटलं नाही.

विसाव्या वर्षी ताई साबण, तेल नि बिस्किटं बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅचला लागल्या. कुठली गाडी कुठल्या गल्लीत माल टाकणार, हे ठरवायचं काम. तिथे असताना एकदा पाण्याने वेढलेल्या भागात गाडी गेली, कारण जाऊ नको असं ड्रायव्हरला कुणी सांगितलंच नाही. तो बिचारा दोन दिवस गाडीच्या टपावर बसून होता. ताईंनी आठवडाभर खपून एक फॉर्म तयार केला. गल्ली बंद झाल्याचं कुणी कळवायचं, खात्री कुणी करायची, सही कुणाची घ्यायची, सगळे मिळून बावीस रकाने. फॉर्म भरला की गल्ली 'बंद', आणि तिकडे एकही गाडी फिरकणार नाही. त्यानंतर एकही ड्रायव्हर पाण्यात अडकला नाही. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी ताईंना सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आणि दोन वर्षांत इतर कंपन्यांनीही तो फॉर्म उचलला.

पुढे कंपन्यांनी संस्था काढली तेव्हा मोठे साहेब म्हणाले, "जिने बंद करायला शिकवलं, तीच सुरू करायला बरी." सगळे हसले. ताईही हसल्या. अशा रीतीने त्या संस्थेच्या प्रमुख झाल्या.

चौदा वर्षांत त्यांनी कितीतरी बाजार उभे केले. पहिला बाजार ज्या गावातला, तिथल्या कोपऱ्यावरच्या दुकानाचे मामा पुढे वर्षभर फोन करत राहिले. "ताई, तुम्ही सगळं दिलंत बघा. पण कंपनीची गाडी काही येत नाही." ताई म्हणायच्या, "येईल मामा, धीर धरा. मी वर बोलते." त्या वर बोलायच्या आणि वरचे हो म्हणायचे. मग मामांचे फोन थांबले. तो बाजार हळूहळू विझला, तेव्हा ताईंनी अहवालात लिहिलं, 'स्थानिक व्यापाऱ्यांचा उत्साह कमी पडला.' हे वाक्य त्यांनी त्यानंतर आणखी काही गावांसाठीही वापरलं. लिहिताना दर वेळी राग यायचा. चौथ्या पेल्याचा पोचा त्याच रागाचा.

यंदाच्या पुरात सेहेचाळीस दुकानांची एक गल्ली नऊ फूट पाण्याखाली गेली. ताई तिथे पाच महिने ठाण मांडून होत्या. रस्त्यावरचा गाळ निघाला, वीज आली, फ्रिज आले. वीस दुकानं उघडली. त्यात पहिलं दुकान उघडलं किराणावाल्या काकूंनी, भिंती ओल्या असतानाच. बाकीचे सव्वीस जण काकूंकडे डोळे लावून बसले होते. आणि काकू रोज सकाळी दोन पिशव्या घेऊन, बस पकडून, पुलापलीकडच्या मोठ्या दुकानात जात. तिथून साबण-बिस्किटं आणून आपल्या फळीवर मांडत. गल्लीत कंपनीची गाडीच येत नव्हती.

"गिऱ्हाईक म्हणतं, काकू, तुम्ही जिथून आणता तिथूनच आम्ही आणू की," काकू म्हणाल्या. "काय चुकलं त्यांचं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पंधरा दिवस बघते, ताई. नाहीतर कुलूप लावून लेकीकडे जाते. माझे गुडघे आता बसच्या पायऱ्यांना दाद देत नाहीत."

काकू गेल्या की गल्ली गेली. हे ताईंना कळत होतं, गल्लीला कळत होतं. ताईंनी मोठ्या साहेबांना पुन्हा गाठलं. आता ते संस्थेचे अध्यक्षही होते.

"साहेब, जनरेटर नको, फ्रिज नको. गाडी पाठवा फक्त."

"अहो, झालंच म्हणून समजा," साहेब म्हणाले. आठवड्याने गल्लीत खरंच एक गाडी आली. तिच्यात रंगाचे डबे होते.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांच्या माणसांनी ठरवलं होतं की साहेबांच्या हस्ते बाजाराचं उद्घाटन होईल त्या दिवशी सगळी गल्ली एका रंगात दिसली पाहिजे. कंपनीचा नारिंगी. जी सव्वीस दुकानं पुरानंतर एकदाही उघडली नव्हती, तीसुद्धा. ताई म्हणाल्या, "आत काही नाही, वरून रंग कशाला?" रंगाऱ्यांचा मुकादम म्हणाला, "बाई, आम्हाला वरूनच सांगितलंय." उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी, दुकानं मिटल्यावर, सेहेचाळीस शटरांवर दोन-दोन हात मारले गेले. वरून कीर्तन, आतून तमाशा!

सकाळी खुर्च्या मांडल्या होत्या, माईक होता, दुकानदारांच्या डोक्यांवर एकसारख्या नारिंगी टोप्या होत्या. कार्यक्रम असा, की साहेबांनी शिट्टी वाजवायची आणि सेहेचाळीस शटरं एका दमात वर जायची. साहेबांनी शिट्टी वाजवली. सेहेचाळीस जण वाकले, कड्या धरल्या, जोर लावला. सहा शटरं वर गेली. बाकीची जागची हलली नाहीत. उघडलेल्या विसांपैकी चौदांच्या खाचांत तैलरंग भरून सुकला होता, आणि सव्वीसांच्या खाचांत पाच महिन्यांचा गाळ होता, त्यावर रंग. कॅमेरावाला म्हणाला, "परत एकदा, सर?" परत शिट्टी वाजली. कोपऱ्यावरचं एक शटर वीतभर उचललं गेलं आणि आतला वाळका गाळ ढेकळांसकट साहेबांच्या बुटांवर आला.

कुणीतरी फिसकन हसलं. ताई हसल्या नाहीत. त्या माईकपाशी गेल्या.

"साहेब, शटर राहू द्या. मला एवढंच सांगा, तुमची गाडी या गल्लीत कधी येणार?"

"म्हणजे काय, येतच असेल की," साहेब बूट झटकत म्हणाले आणि मागे वळले. "काय हो, येत नाही का?"

मागे कंपनीचा डिस्पॅचप्रमुख उभा होता. त्याला सगळे पेन्सिल म्हणतात, कारण कानामागे सदैव ती असते. ताईंनीच त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं, तेव्हा त्याला मिसरूड फुटायचं होतं, आता केस पांढरे झालेत. तो ताईंकडे बघेना.

"गल्ली बंद आहे, सर," तो म्हणाला.

"बंद काय? डोळे फुटले का तुझे? वीस दुकानं चालू आहेत!" ताई ओरडल्या. माईक चालूच होता.

"फॉर्मवर बंद आहे, मॅडम. तुमच्या फॉर्मवर."

"मग चालू कर!"

पेन्सिलने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. "चालू करायचा रकाना नाही त्यात, मॅडम. पहिल्यापासून नाही."

काकूंनी डोक्यावरची टोपी काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि त्या दुकानात निघून गेल्या. साहेब माईकवर हात ठेवून म्हणाले, "ताई, आपण हे आत बसून बोलू. तुम्ही खूप दमला आहात." दमला आहात! पाच महिने गाडी मागत होत्या तेव्हा त्या दमलेल्या नव्हत्या, स्वतःच तोंडावर आपटल्यावर दमल्या.

ताई तिथून ज्या निघाल्या त्या पेन्सिलच्या गाडीत बसून थेट डेपोत. डिस्पॅचची खोली तीच होती. तोच खडखडणारा पंखा, तोच पत्र्याचा दरवाजा. चौदा वर्षांत त्या या खोलीत एकदाही आल्या नव्हत्या. साहेब झाल्यावर साहेबांशीच बोलायचं असतं, असं कुणी त्यांना शिकवलं नव्हतं, तरी त्या शिकल्या होत्या. फॉर्म आता कॉम्प्युटरवर गेला होता, पण रकाने तेच, बावीस.

"मला एका शब्दाने बोलला का नाहीस?"

"दोनदा वर लिहिलं होतं, मॅडम. उत्तर आलं, मॅडमचा फॉर्म आहे, त्याला हात लावू नका."

"आणि गावोगावचा माल?"

"बाहेरच्या मोठ्या दुकानांना जातोच ना. खप कमी झाला नाही, मग गल्लीची आठवण कुणाला येणार?"

त्याने यादी उघडली. बंद गल्ल्या, एकतीस. ताईंनी चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. प्रत्येक नाव त्यांच्या ओळखीचं होतं. प्रत्येक गल्लीत त्यांनी गाळ काढून घेतला होता, भाषण टाळलं होतं, आणि पाठ फिरवली होती. सर्वांत वर, सर्वांत जुनं नाव, कोपऱ्यावरच्या मामांच्या बाजाराचं. 'स्थानिक व्यापाऱ्यांचा उत्साह कमी पडला.' ताईंना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. टेबलावर पेला नव्हता, म्हणून त्यांनी मूठ आपटली आणि ती चांगलीच लागली.

"यादीतून काढून टाक."

"काढायला कारण द्यावं लागतं. आणि इथे कारण एकच आहे." पेन्सिलने बोट ठेवलं. 'चुकीची नोंद.' त्याच्या खाली रकाना होता, 'चूक कुणाची.'

"माझं नाव घाल."

"मॅडम, नोंद केली मी. तुम्ही तर कंपनीत नव्हतातही."

"रकाना कुणी विसरला? घाल म्हणते ना!"

त्याने घातलं. मग थांबला. ताई म्हणाल्या, "एकतीसच्या एकतीस."

"एका नावावर तीनपेक्षा जास्त चुका गेल्या तर समितीकडे आपोआप जातं. साहेबांना निमित्तच मिळेल. ते तुम्हाला ठेवणार नाहीत."

"वर जायचं ते जाऊ दे. खाली गाडी येऊ दे."

पेन्सिल एकेक गल्ली उघडत गेला आणि ताई मोठ्याने वाचत गेल्या. दुपारभर तेच चाललं. शेवटच्या नोंदीनंतर तो म्हणाला, "आता तरी चहा घ्या." ताई म्हणाल्या, "आधी बावीसच्या खाली तेविसावा रकाना घाल. मग चहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला गाडी गल्लीत शिरली. ड्रायव्हरने कागद बघत काकूंच्या दुकानासमोर ब्रेक मारला. काकूंनी खोकी मोजून घेतली, दोन फोडून पाहिली, एक चेपलेलं परत केलं. घाई कसली ती नाही. मग त्यांनी पायरीखाली उभ्या असलेल्या ताईंकडे पाहिलं.

"काकू, चूक माझी होती," ताई म्हणाल्या.

जाऊ द्या हो, चालायचंच, असं काकू म्हणतील अशी ताईंची आशा होती की नाही, कोण जाणे. काकू म्हणाल्या, "हो. तुमचीच होती. पाच महिने बसच्या पायऱ्या चढले मी तुमच्या कागदापायी." त्यांनी खोकं फळीवर चढवलं. "शेजारच्या दुकानाचाही माल गाडीत आहे. त्याचं शटर अडकलंय. ते उघडा आधी."

ताईंनी पर्समधून उलथनं काढलं. वडील गेल्यापासून ते तिथेच असतं. फरशीवर बसून त्यांनी खाच खरवडायला घेतली. आधी नारिंगी पापुद्रा, मग गाळ. तासाभराने शटर कुरकुरत वर गेलं आणि ड्रायव्हरने माल आत टाकला. पर्समध्ये फोन वाजत होता. समितीचा. ताईंनी तो वाजू दिला. तो थांबल्यावर त्यांनी पायरीवर बसून कोपऱ्यावरच्या मामांचा जुना नंबर लावला. गाडी येतेय, एवढंच सांगायचं होतं.

फोन एका बाईने उचलला. "बाबा ड्यूटीवर गेलेत. मी त्यांची मुलगी. कोण बोलतंय?"

"शटरताई म्हणून सांगा. दुकान… दुकान कसं चाललंय?"

"दुकान कुठलं हो आता? नऊ वर्षं झाली देऊन टाकून. बाबा गोदामाच्या फाटकावर असतात, रखवालदार म्हणून. काही निरोप आहे का?"

पलीकडून दोनदा हॅलो आलं.

"त्यांचा युनिफॉर्म…" ताई म्हणाल्या, "मापाचा आहे का?"

"नाही ना. चांगला दोन माप मोठा आहे. बाह्या दुमडून घालतात. का हो?"

ताईंनी फोन ठेवला आणि हातातलं उलथनं असं काही आपटलं की ते रस्ता ओलांडून समोरच्या नारिंगी शटरवर जाऊन खणकलं. काकू दुकानातून बाहेर आल्या. रस्ता ओलांडला, उलथनं उचललं, त्याचं टोक वाकलंय का ते पाहिलं, आणि आणून ताईंच्या हातात दिलं.

"मोडू नका ते," काकू म्हणाल्या. "अजून एकोणचाळीस राहिलीत."